एका किल्लीचं घर

दादानं सांगायला रविवार निवडला, कारण रविवारी धाकटी बहीण छन्नी कुलपांचं दुकान उशिरा उघडायची आणि आई सगळ्यांना न्याहारीला एका टेबलाशी बसवायची. नोंदणी कचेरीत त्यानं तेवीस वर्षं काढली होती. लोकांची घरं, गाळे, भावाभावांच्या वाटण्या, सगळं त्याच्या शिक्क्याखालून गेलेलं. अवघड गोष्ट कोरड्या आवाजात, एका दमात सांगितली की निम्मी सोपी होते, असा त्याचा अनुभव होता. तो अनुभव कचेरीतला होता आणि हे घर होतं, एवढाच काय तो फरक.

"शिवणमावशीसाठी मी खोली बघून ठेवली आहे," तो म्हणाला. "दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. आज तिला दवाखान्यातून सोडतील, तर थेट तिकडेच न्यायचं. तिचं सामान आपण दुपारपर्यंत हलवू. आणि वरच्या खोलीचं कुलूप बदलायचंय. ते छन्नीनं करायचं."

वहिनीला हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ती चहाच्या भांड्याकडे बघत राहिली. आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. छन्नीनं तोंडातला घोट गिळला आणि विचारलं, "मावशीला माहीत आहे?"

"तिथं गेल्यावर सांगू. कालच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उगाच जिवाला घोर कशाला?"

"किती रे काळजी तुला तिची!"

"छन्ने, टोमणे नकोत."

छन्नी हे नाव बाबांनी पाडलेलं. पाळण्यापेक्षा हत्यारांच्या खोक्यात जास्त रमणारी पोर म्हणून. आता अडतीस वर्षांची झाली, आसपासच्या दहा गल्ल्यांत कुणाची किल्ली हरवली की तिलाच हाक मारतात, तरी नाव तेच राहिलं. बाबांनी दोघांनाही धंदा शिकवला होता. दादा कागदाकडे वळला आणि ती कुलपाकडे.

शिवणमावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. छन्नी जन्मली त्याच आठवड्यात ती एक शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन आली, आणि बाबांनी तिला बाहेरच्या जिन्यानं जायची वरची खोली दिली. तेव्हापासून ती वर शाळेचे गणवेश आणि दवाखान्यातले कोट शिवत होती. खाली कानस चालायची, वर मशीन चालायचं. दोन्ही आवाज एकदम थांबले की जेवायची वेळ झाली, असं या घरात समजत.

"हे बघ," दादाचा आवाज जरा मऊ झाला. "पोरीला तिच्या घरमालकानं महिन्याची मुदत दिली होती. शुक्रवारी संपते. तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती दोघं कुठे जाणार? माझं घर असताना माझी लेक दुसऱ्यांचे उंबरे झिजवत हिंडणार का? आणि मावशीला तो जिना आता झेपत नाही. मी तिकडे स्वतः चुना दिलाय भिंतींना. दोन संध्याकाळी जाऊन."

हे खरं होतं. त्याच्या नखांत अजून चुना होता. छन्नीनं तो पाहिला आणि तिला भावाची दयाही आली आणि रागही आला.

"चुना दिलास, पण विचारलं नाहीस."

"विचारायचं काय? जागा आपली आहे. कागद आहेत. तिचा एक कागद दाखव मला. एक! बाबांनी तोंडी दिली, तिनं तोंडी घेतली."

"म्हणजे बाबांचा शब्द तुझ्या शिक्क्याहून हलका."

"बाबा नाहीत ना आता," दादा म्हणाला. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

छन्नीनं कप बाजूला सारला. "दादा, कागद म्हणजे काय ते तुला अर्धंच माहीत आहे. तू शिक्का मारतोस आणि पाचला घरी येतोस. पुढचं मी बघितलंय. कागदामागे शिक्का, शिक्क्यामागे कोर्टाचा बेलीफ, बेलीफामागे दोन दंडुकेवाले, आणि या सगळ्यांच्या पुढे कोण उभं असतं? मी. ड्रिल घेऊन. एकदा एक दार उघडलं तर आत गॅसवर दूध ठेवलेलं. उतू जायला आलेलं. मी आधी गॅस बंद केला आणि मग त्या बाईला म्हटलं, चला. तिच्या घरात घुसून मी तिला म्हणतेय चला! त्या दिवसापासून मी ती कामं सोडली. तुझ्या त्या कागदातनं शेवटी हेच निघतं. जोर. बाकी सगळी शाई."

"तू सोडलीस म्हणून ती थांबली का? दुसरा कुलूपवाला गेलाच असेल."

"गेला असेल."

"आणि एवढं आहे तर दुकानाला कुलूप का लावतेस? टाक ना उघडं. येणारा जाणारा उचलून नेईल तुझं यंत्र. तेव्हा कुणाला बोलावशील? त्याच दंडुकेवाल्याला ना?"

भावाचं बोलणं बिनतोड असलं की ती लहानपणी त्याला चिमटा काढायची. आता वय आड आलं.

"मला एवढंच कळतं," ती म्हणाली, "पोरीला तिच्या मालकानं काढलं, म्हणून तू मावशीला काढणार. मावशीनं कुणाला काढायचं?"

दादानं आईकडे पाहिलं. आईनं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि काहीही न बोलता उठून आपल्या खोलीत गेली. आई आपल्या बाजूनं आहे म्हणूनच गप्प राहिली, असं दादाला वाटलं. नेमकं हेच छन्नीलाही वाटलं. वहिनीनं पर्स उचलली आणि ती दवाखान्यात जायला निघाली. दारात दादानं नव्या खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली, तेव्हा तिनं ती न वाचताच मिटली.

*

"तू नाही केलंस तर मी करीन," असं म्हणून दादा पेचकस आणि हातोडी घेऊन जिना चढला. छन्नी त्याच्यामागून गेली ती त्याला अडवायला. निदान स्वतःशी तरी तिनं तसंच ठरवलं होतं. पण दादाच्या हातात हत्यार म्हणजे दाराची वाट लागणार, ही भीती तिला आधी वाटली. धंद्याचा माणूस कसाही असो, त्याला ओबडधोबड काम बघवत नाही.

वरच्या पायरीवर एक कुंडी होती. दवाखान्यात जाताना मावशीनं ती खोलीतून आणून बाहेर ठेवली होती, झाडाला पाणी घालायला कुणाला किल्ली मागायला लागू नये म्हणून. छन्नीनं कालच पाणी घातलं होतं. दादा कुंडी ओलांडून दारापुढे उभा राहिला.

"किल्ली तिच्यापाशी. ड्रिलच मारावं लागेल," तो म्हणाला.

"जिनाभर आवाज होईल. सगळी गल्ली बाहेर येईल. येऊ दे. बघू दे लोकांना."

दादानं तिच्याकडे चिडून बघितलं. मग कपाळावरचा घाम पुसला, आणि मनाचा काही विचार नसताना हातानं सवयीचं काम केलं. खिशातून स्वतःचा जुडगा काढला, घरची किल्ली चिमटीत धरली, कुलपात घातली आणि फिरवली.

कुलूप उघडलं.

या घराला एका किल्लीचं घर म्हणत. पुढचं दार, मागचं दार, दुकान, कोठीची खोली, सगळी कुलपं बाबांनी एकाच किल्लीची केली होती. घरातलं कुणी अठरा वर्षांचं झालं की बाबा स्वतः कानस घेऊन बसत, त्याची किल्ली हातानं घासत आणि न बोलता त्याच्या ताटाशेजारी ठेवत. वहिनीला ती लग्नाच्या दिवशी मिळाली होती. आपल्या माणसांपासून आपल्या घरात काय लपवायचं, असं बाबा म्हणायचे. पण भाडेकरूचं कुलूप मात्र वेगळंच. त्याबाबतीत बाबा फार कडक होते. ज्याची खोली त्याची किल्ली, आणि मालकानं तिची नक्कल ठेवायची नाही, ठेवली तर तो मालक नाही, चोर. हे त्यांनी दोघांनाही हातावर पट्टी मारावी तसं शिकवलं होतं.

दोघं भावंडं उघड्या दारासमोर नुसती उभी राहिली. आत जायला कुणी पाऊल उचललं नाही. दारातूनच खोली दिसत होती: खिडकीखाली मशीन, त्यावर पांढरं फडकं, दांडीवर एका ओळीत टांगलेले शाळेचे गणवेश, प्रत्येकाच्या कॉलरला टाचणीनं चिठ्ठी. पलंगावरची चादर एक सुरकुती नसलेली. मशीनशेजारी खडूचे तुकडे एका बशीत ठेवलेले.

"दाखव इकडे," छन्नी म्हणाली. तिनं दादाच्या हातातला पेचकस घेतला, दोन स्क्रू काढले आणि कुलपाचा पितळी गाभा, ज्यात किल्ली फिरते तो, बाहेर ओढला. खिशातल्या फडक्यावर तिनं तो सुटा केला. आतून पाच बारीक पिना निघाल्या. तिनं त्या बोटानं ओळीत लावल्या आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या.

"घरचाच गाभा आहे," ती म्हणाली. "पाचही उंच्या जशाच्या तशा. बाबांनी चुकीच्या खणातून काढला असणार. मी जन्मले त्या आठवड्यात बसवलंय हे. झोप नसेल, डोकं ठिकाणावर नसेल."

"बाबा? बाबांची चूक?"

"तुझे बाबा देव नव्हते, दादा. कुलूपवाले होते."

दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला, कुंडीच्या शेजारी. त्याला आठवत होतं, नवं लग्न झालं तेव्हा तो आणि त्याची बायको भांडले की ती वर मावशीकडे जाऊन बसायची आणि त्याला राग यायचा. त्या दाराबाहेर तो एकदा अर्धा तास उभा होता. आत शिरायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. किल्ली तेव्हाही त्याच्या खिशात होती.

"अडतीस वर्षं," छन्नी त्याच्याजवळ बसत म्हणाली. "आपल्यातला कुणीही केव्हाही आत जाऊ शकला असता. आणि मावशी खाली येऊ शकली असती. मग इतकी वर्षं हे दार बंद कुणी ठेवलं होतं?"

"आपल्याला माहीतच नव्हतं."

"तेही आहेच म्हणा," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. दादालाही आलं. दोघं थोडा वेळ हसली आणि मग हसायचं काय होतं ते त्यांना सापडेना.

"लेकीला मी काय सांगू?" दादानं विचारलं. आता त्याच्या आवाजात कचेरी नव्हती. "तिनं फोनवर काही मागितलं नाही, छन्ने. नुसतं म्हणाली, बाबा, बघू काहीतरी. बाळ मागे रडत होतं. मला दुसरी जागाच सुचली नाही."

छन्नीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पितळेचा वास लागलेला तो हात बाबांच्या हातासारखा होता, हे दादाला जाणवलं.

*

टॅक्सीत मावशी लहान मुलीसारखी खिडकीला चिकटून बसली होती. डॉक्टरांनी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढून काळा चष्मा दिला होता, आणि ती दर दोन मिनिटांनी तो वर करून चोरून बघत होती.

"अगं, तुझा स्वेटर हिरवा आहे होय?" ती वहिनीला म्हणाली. "मी इतके दिवस करडाच समजत होते. आणि म्हणत होते, ही पोरगी एवढी तरुण असून असले रंग का घालते!"

"मी आता आजी झाले, मावशी."

"हो, बाळ! बाळ कसं आहे? मला आता बाळ नीट दिसेल."

"चष्मा खाली करा. डॉक्टर ओरडतील."

मावशीनं शहाण्यासारखा चष्मा खाली केला आणि कमरेला खोचलेली किल्ली चाचपली. दवाखान्यातही ती तिनं कुणाकडे दिली नव्हती. नर्सनं मागितली तेव्हा म्हणाली होती, डोळा काढून घ्या, किल्ली नाही. सगळा वॉर्ड हसला होता.

वहिनी ती किल्ली बघत होती. तिच्या पर्समध्येही एक होती, सासऱ्यांनी लग्नाच्या दिवशी ताटाशेजारी ठेवलेली. दोन्ही किल्ल्या जुळ्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. ती वेगळ्याच विचारात होती. सकाळी दादा म्हणाला होता, तिचा एक कागद दाखव. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की त्या घराच्या कोणत्याच कागदावर आपलंही नाव नाही. सत्तावीस वर्षं आपण तिथं आहोत, लेक तिथंच वाढवली. आणि कधी कुणाला जागा कमी पडली तर? नवरा असं काही करणार नाही, हे तिला माहीत होतं. पण मावशीलाही माहीतच असेल ना की असं काही होणार नाही?

पुढं रस्ता दोन बाजूंना फुटत होता. "कुठं घेऊ?" चालकानं विचारलं.

चिठ्ठी तिच्या मुठीत होती. वहिनीनं ती पर्सच्या तळाशी टाकली.

"डावीकडे," ती म्हणाली. "कुलपांचं दुकान आहे ना, तिथं. घरी."

*

टॅक्सी थांबल्याचं ऐकून दादा पायरीवरून उठला. त्यानं खाली पाहिलं तर बायको मावशीला हाताला धरून जिना चढवत होती आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होती. त्यांच्यामागून आईही चढत होती. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं जिना न चढलेली आई.

"अगंबाई, सगळं घर स्वागताला!" मावशी म्हणाली. "मी काय परदेशातून आले का?"

मग तिनं दार पाहिलं. तिनं चष्मा वर केला, पुढं होऊन कुलपाच्या जागी असलेल्या भोकात बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"काय छान दिसतंय आता," ती हळू आवाजात म्हणाली. "कडेची धूळसुद्धा दिसतेय. इथलं कुलूप कुठं गेलं?"

छन्नी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "मी काढायला लावलं." आणि त्यानं सगळं सांगितलं. लेकीच्या मालकाची मुदत, तळमजल्यावरची खोली, दुपारपर्यंत सामान, नवं कुलूप. यावेळी एका दमात सांगता आलं नाही. तीनदा थांबावं लागलं.

मावशीनं ऐकून घेतलं. "मला सांगणार कधी होतास?"

"तिथं गेल्यावर."

"कशी आहे ती खोली?"

"चांगली आहे. कोरडी आहे. चुना दिलाय मी."

"खिडकी?"

"एक आहे. गल्लीकडे."

"उजेड येतो?"

दादा खोटं बोलू शकला असता. "कमी आहे," तो म्हणाला.

"मग डोळा कशाला करून घेतला रे मी?" मावशी म्हणाली. वहिनीला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

मावशीनं भोकातून बोट काढलं. "बाळा, मला कळतं. घर तुझं आहे, कागद तुझा आहे. तू म्हणालास तर मला जावं लागेल. मी काही दाराला मिठी मारून बसणार नाही, तेवढा जोर नाही माझ्यात. पण मी हो म्हणाले असं कुणाला सांगू नकोस. पोरीला पण नको. तिनं विचारलं तर सांग, मावशीला आम्ही काढलं."

दादाला आयुष्यात पुष्कळ लोक नाही म्हणाले होते. कचेरीत तर रोज कुणीतरी त्याच्याशी भांडत असे. पण जायला तयार असलेलं माणूस नाही म्हणतं तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"नाही काढणार," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"आणि बाळ?" मावशीनं विचारलं. "बाळ कुठं राहणार?"

"बाळ माझ्या खोलीत राहील," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई कठड्याला धरून दम खात होती. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली तिची. तिथं अजून दोन पलंग होते, तिचा आणि बाबांचा. बाबांच्या पलंगावर आठ महिने कुणी बसलं नव्हतं. त्यावरची चादर आई दर रविवारी बदलायची, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

"आई, तिथं बाबांचा..." दादा म्हणाला.

"मला ठाऊक आहे काय आहे तिथं. मघाशी तेच बघायला गेले होते. पलंग काढला की तिघं मावतात, मी कोठीच्या खोलीत झोपेन." आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला जागा सुचली नव्हती असं नाही. तुला माझ्यापुढं विषय काढायचा धीर झाला नाही. म्हणून जिच्याकडे कागद नाही तिच्याकडे गेलास. सोपं पडलं."

ते अगदी खरं होतं, आणि ते दादालाही आत्ताच कळत होतं. आईनं जवळ येऊन त्याच्या गालावरून हात फिरवला. "तुझा बाप असता तर त्यानंच तो पलंग कधीचा उचलला असता. मीच वेडी."

छन्नीला हे सगळं सहन होईना. ती घाईघाईनं म्हणाली, "मावशी, तुला एक गंमत सांगायचीय. तुझं हे कुलूप आमच्या घरच्या किल्लीनं उघडतं. बाबांनी चुकून घरचा गाभा बसवला. आम्हाला आज कळलं."

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," मावशी म्हणाली.

"काय?"

"दुकानातून आत यायचं होतं, हातात कपड्यांचा गठ्ठा, अंधुक उजेड. चुकून माझी किल्ली लावली तर उघडलं. मी घाबरून परत लावून घेतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या बाबांनी त्याच दिवशी बदललं असतं. मला नको होतं ते बदलायला. अशी कुणाच्या घराची किल्ली माझ्याकडे कधी नव्हती गं." ती थोडी लाजली. "वापरली नाही कधी. एकदाच वापरली. तुझी आई न्हाणीघरात घसरून पडली होती तेव्हा. मला वर हाक ऐकू आली."

"दार उघडं राहिलं होतं तेव्हा!" आई म्हणाली.

"ते मीच उघडलं होतं."

"म्हणजे!" छन्नी ओरडली. "दार मी उघडं टाकलं म्हणून बाबांनी मला दोन दिवस बोलून बोलून खाल्लं!"

"माहीत आहे. म्हणून तर तुला तो निळा फ्रॉक शिवला."

छन्नीनं कपाळाला हात लावला. आई हसता हसता कठड्यावर टेकली. दादाही हसला, पण त्याचं लक्ष त्या भोकाकडे होतं. दार वाऱ्यानं थोडं आत सरकलं होतं.

"चला, बसवून देते," छन्नी म्हणाली आणि फडक्यावरच्या पिना गोळा करू लागली. मग ती थांबली. "मावशी, हेच बसवू? की वेगळं?"

मावशीनं आत पाहिलं, आपल्या मशीनकडे आणि चादरीकडे. मग या चौघांकडे पाहिलं, एकेकाकडे, नव्या डोळ्यानं.

"वेगळं," ती म्हणाली.

छन्नीनं पिना परत फडक्यावर ठेवल्या.

"रागानं नाही म्हणत," ती सावकाश बोलत होती. "सासरी माझ्या खोलीला आतून कडी नव्हती. ज्याला पाहिजे तो यायचा. इथं पहिल्या दिवशी आतून दार लावलं आणि मी सकाळपर्यंत एकदाही न उठता झोपले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुलूप मला वाईट वाटत नाही गं छन्ने, तुला वाटतं तसं. तुमच्याजवळ किल्ली आहे हे मला माहीत होतं, तरी झोप लागायची. आता नाही लागणार. थोडे दिवस तरी."

"नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या निघतात," छन्नी म्हणाली.

"तिन्ही मला दे."

छन्नीनं दादाकडे पाहिलं. घर त्याचं होतं. त्यानं मान हलवली. "तिन्ही तिलाच," तो म्हणाला. छन्नी खाली दुकानात गेली आणि नवं कुलूप घेऊन आली. पाकीट तिनं मावशीसमोरच फोडलं, किल्ल्यांचा जुडगा मावशीच्या तळहातावर ठेवला, आणि मग गुडघे टेकून कामाला लागली. पाच मिनिटांत कुलूप बसलं. मावशीनं स्वतः दोनदा लावून, उघडून बघितलं.

मग तिनं कमरेची जुनी किल्ली सोडवली. अडतीस वर्षं बोटांनी झिजून ती एका बाजूनं पातळ झाली होती. तिनं ती दादापुढे धरली.

"ही घे. आता माझ्या दाराला लागत नाही."

दादानं किल्लीकडे पाहिलं. त्यानं ती घेतली नाही. दोन्ही हातांनी तिची बोटं धरली आणि एकेक करून किल्लीवर मिटली.

"खालच्या दाराला लागते," तो म्हणाला. "ठेव. तू कधीही ये. आम्हाला वर यायचं झालं तर आम्ही दार वाजवू."